वाचवलेल्या जिवाचे देणे

दोन फेब्रुवारीला ख्रिस्तसभा प्रभू येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण साजरा करते. नाताळ होऊन चाळीस दिवस झालेले असतात. चर्चमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला जातो, पेटती मेणबत्ती हातात धरून आपण रांगेने आत येतो आणि संत लूकच्या शुभवर्तमानातील ती ओळखीची कथा पुन्हा ऐकतो. मरिया आणि योसेफ सव्वा महिन्याच्या बाळाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात येतात. गरिबांना परवडेल असे पाखरांच्या जोडीचे अर्पण त्यांच्याजवळ असते. तिथे शिमोन नावाचा एक भाविक वाट पाहत थांबलेला असतो. तो बाळाला हातांवर घेतो, डोळे भरून पाहतो आणि आता आपण शांतीने निरोप घ्यायला मोकळे झालो, असे देवाला सांगतो.

या प्रसंगावरील प्रवचने आपण अनेकदा ऐकली आहेत. त्यातील एका साध्या गोष्टीकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. त्या दिवशी मंदिरात पुष्कळ माणसे असतील. आईच्या कुशीतले ते तान्हे बाळ अनेकांच्या नजरेसमोरून गेले असेल. पण त्याच्यात काय पाहायचे हे दोघांनाच उमगले, शिमोनला आणि वृद्ध हन्नाला. डोळे सर्वांनाच होते. पाहण्याची तयारी मात्र त्या दोघांनी वर्षानुवर्षे केली होती. पाहणे ही केवळ डोळ्यांची क्रिया नव्हे, ते शिकावे लागते आणि त्यासाठी जागे राहावे लागते, हे त्या दोघांनी आपल्याला दाखवून दिले आहे.

हा विचार मनात येण्याचे कारणही तान्ह्या बाळांच्या डोळ्यांशीच निगडित आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना येणारे एक अंधत्व असे आहे की, ते वेळीच ओळखले तर बहुतेक वेळा टाळता येते आणि वेळ निघून गेली की कायमचे पदरी पडते. वैद्यकशास्त्र त्याच्या मुळाशी असलेल्या विकाराला ‘रेटिनोपॅथी ऑफ प्रिमॅच्युरिटी’ म्हणते. डॉक्टर मंडळी थोडक्यात ‘आरओपी’ म्हणतात. हा विकार ओळखण्याचे शिक्षण डॉक्टरांना देणे, हा विषय वरवर पाहता एखाद्या वैद्यकीय नियतकालिकाचा. पण त्याच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे आणि तो आपल्या प्रत्येक कुटुंबाला लागू पडतो. एखाद्याचा जीव वाचवला की आपले कर्तव्य तिथेच संपते का? की खरे कर्तव्य तिथून पुढे सुरू होते?

आधी हा विकार काय आहे, ते समजून घेऊ. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, दृष्टिपटल नावाचा अतिशय नाजूक पडदा असतो. आपण जे पाहतो त्याचे चित्र या पडद्यावर उमटते. आईच्या उदरात साधारण चौथ्या महिन्यात या पडद्यावर रक्तवाहिन्या वाढू लागतात. मध्यापासून निघून त्या कडेकडे पसरत जातात आणि नऊ महिने भरता भरता कडेला पोहोचतात. बाळ सातव्या महिन्यातच जन्मले तर ही वाढ अर्धवट राहिलेली असते. बाहेरच्या जगातला प्राणवायू, विशेषतः काचेच्या पेटीत जादा दिलेला प्राणवायू, त्या कोवळ्या वाहिन्यांना सोसत नाही. त्यांची वाढ खुंटते. पुढे काही आठवड्यांनी पडद्याच्या उपाशी राहिलेल्या भागाला रक्ताची गरज भासू लागते आणि मग नव्या वाहिन्या भलत्याच दिशेने, वेड्यावाकड्या वाढतात. त्यांचे जाळे आकसले की दृष्टिपटल ओढले जाते आणि अखेर जागेवरून सुटते. ते पूर्णपणे सुटल्यावर शस्त्रक्रियेनेही उपयोगी दृष्टी क्वचितच परत मिळते.

या साऱ्या काळात बाळाचे डोळे बाहेरून अगदी निरोगी दिसतात. ते लाल होत नाहीत, त्यांतून पाणी येत नाही. आई दूध पाजते, बाळ डोळे उघडते, मिटते. घरच्यांना शंका येण्याचे काहीच कारण नसते. बाहुलीमागे पांढरी झाक दिसू लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणूनच भारतातील तज्ज्ञांनी नियम घालून दिला आहे की, जन्माच्या वेळी २००० ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेल्या किंवा ३४ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी तिसाव्या दिवसाच्या आत व्हावी. २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांना तर दोन ते तीन आठवड्यांतच तपासावे. एका तपासणीने भागत नाही. वाहिन्या कडेपर्यंत पोहोचेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे लागते. विकार वाढताना आढळला तर दोन-तीन दिवसांच्या आत लेसरचे उपचार करावे लागतात किंवा डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागते. हे वेळेवर झाले तर बहुतेक बाळांची दृष्टी वाचते. इतक्या थोड्या दिवसांवर एका माणसाचे अवघे आयुष्य तोललेले असावे, अशी उदाहरणे वैद्यकातही फार नाहीत.

या विकाराचा इतिहास म्हणजे मानवी सदिच्छेची एक कठोर परीक्षाच आहे. १९४२ साली अमेरिकेत बोस्टन येथील डॉ. थिओडोर टेरी यांनी अकाली जन्मलेल्या बाळांच्या भिंगामागे तयार होणाऱ्या पांढऱ्या पडद्याचे प्रथम वर्णन केले. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभर सुमारे १०,००० बालके या विकाराने अंध झाली आणि त्यांतली बहुतेक प्रगत, सुसज्ज रुग्णालयांतली होती. जिथे साधने अधिक, तिथेच अंधत्व अधिक, हे कोडे कोणाला उलगडेना. १९५१ साली मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी पेटीत सढळ हाताने दिल्या जाणाऱ्या प्राणवायूकडे बोट दाखवले. वॉशिंग्टन येथे डॉ. अर्नाल पट्झ यांनी काही बाळांना भरपूर आणि काहींना बेताचा प्राणवायू देऊन तुलना केली. त्या काळाची एक आठवण सांगितली जाते. बेताचा प्राणवायू मिळणारी बाळे गुदमरतील, या भीतीने काही परिचारिका रात्री गुपचूप प्राणवायूची कळ वाढवून ठेवीत. त्यांच्या हृदयात दयाच होती. पण ज्या बाळांवर त्या दया करीत होत्या, त्यांच्याच डोळ्यांना त्या दयेने धोका वाढत होता.

१९५४ पर्यंत अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासातून प्राणवायूचा दोष निश्चित झाला. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. प्राणवायूवर कडक मर्यादा आल्या आणि अंधत्वाचे प्रमाण झपाट्याने उतरले. सर्वांना हायसे वाटले. परंतु १९७३ साली ब्रिटनमधील केनेथ क्रॉस यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मन सुन्न करणारा एक अंदाज मांडला. प्राणवायू अपुरा पडल्यामुळे, एका बालकाची दृष्टी वाचवण्यामागे सुमारे सोळा बालकांचे प्राण गेले असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. अंध झालेले मूल सर्वांना दिसत होते. पहिल्याच दिवशी मरण पावलेल्या बाळाचा हिशेब कोणी ठेवला नव्हता.

या दोन प्रकरणांतून घेण्यासारखा बोध कोणता? दया करू नये, असा तो नक्कीच नाही. भीतीपोटी हात आखडता घ्यावा, असाही नाही. पहिल्या पिढीने उपकार केला आणि पाठ फिरवली. दुसऱ्या पिढीने अपकाराच्या धास्तीने उपकारच कमी केला. दोघांच्याही हातून एकच गोष्ट सुटली. बाळाला आवश्यक तेवढा प्राणवायू द्यायचा, तो मोजायचा, आणि त्यानंतर त्या बाळाच्या डोळ्यांवर आठवडेच्या आठवडे पहारा ठेवायचा, ही वाट सापडायला आणखी बराच काळ जावा लागला. चांगल्या कृत्यातूनही हानी उद्भवू शकते. तिच्यावर उपाय म्हणजे चांगले कृत्य टाळणे नव्हे, तर ते केल्यानंतर जागे राहणे. मला वाटते, या साऱ्या विषयाचे नैतिक सार इतकेच आहे.

आपल्याला पाठ असलेली चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचावी. जखमी वाटसरूला टाळून पुढे गेलेला याजक आणि लेवी आपल्या ध्यानात राहतात. शोमरोन्याने जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवले, हेही राहते. पण कथा तिथे संपत नाही. तो त्याला उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन नाणी ठेवतो, जखमी माणसाला सांभाळण्याचे काम त्याच्यावर सोपवतो आणि अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा फेडीन असा शब्द देतो. वाटेवरचा उपकार एका क्षणाचा होता. परत येण्याचा शब्द मात्र पुढच्या दिवसांना बांधून घेणारा होता. प्रभूने या माणसाला शेजारधर्माचा आदर्श म्हणून पुढे ठेवले, त्यात त्याच्या दुसऱ्या दिवसाचाही वाटा आहे. वाचवलेल्या जिवाचे काही देणे वाचवणाऱ्यावर राहते, हे त्याने ओळखले होते.

आता दोषाचा प्रश्न. अंध मूल जन्माला आले की आपल्या समाजात पहिला प्रश्न विचारला जातो, कोणाच्या पापाचे हे फळ? प्रभू येशूच्या शिष्यांनीही जन्मांध माणसाकडे पाहून हेच विचारले होते, हे संत योहान सांगतो. याने पाप केले की याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले आणि तो कामाला लागला. आज ते वचन वाचताना आपण मान डोलावतो. पण ‘दिवसांत असताना काय खाल्ले, कुठे गेली, ग्रहण पाळले का’ असे प्रश्न बाळंतिणीला अजूनही विचारले जातात. आरओपीच्या बाबतीत तर हे प्रश्न शंभर टक्के अन्यायाचे आहेत. बाळ जन्मले तेव्हा त्याचे दृष्टिपटल अपूर्ण होते, पण निकामी झालेले नव्हते. जे घडले ते जन्मानंतर, आपल्या सर्वांच्या देखत घडले.

मग कोणाचाच दोष नाही का? इथे संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला एक भेद उपयोगी पडतो. अज्ञान सरसकट पाप नव्हे. पण जे जाणून घेणे ज्याचे कर्तव्य आहे आणि जे त्याला जाणून घेता येण्यासारखे आहे, ते न जाणणे हा दोष आहे, असे ते मानतात. १९४५ च्या सुमारास बोस्टनच्या डॉक्टरला प्राणवायूचा धोका ठाऊक नव्हता, ठाऊक होणे शक्यही नव्हते. त्याच्या हातून झाली ती शोकांतिका, अपराध नव्हे. परंतु एकदा ज्ञान जगात आले की अज्ञानाचे नैतिक मोल बदलते.

हे आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे. १९९६ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईतील एका सरकारी रुग्णालयात २९ व्या आठवड्यात एक मुलगी जन्मली. वजन १२५० ग्रॅम. पेटीत ठेवून डॉक्टरांनी तिचा जीव वाचवला आणि सुमारे पंचवीस दिवसांनी तिला घरी पाठवले. आईवडील तिला सांगितल्याप्रमाणे पुन्हा दाखवायलाही घेऊन गेले. मात्र तिचे दृष्टिपटल तपासले पाहिजे, असे त्यांना कोणीच सांगितले नाही. साडेचार महिन्यांची असताना लसीसाठी मुंबईत एका बालरोगतज्ज्ञांकडे नेले तेव्हा त्यांना शंका आली; तोवर दृष्टी गेली होती. वडील न्यायासाठी लढत राहिले. १ जुलै २०१५ रोजी निकाल लागला आणि सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई मंजूर झाली, तेव्हा ती मुलगी अठरा वर्षांची होती. या कुटुंबाने काय चुकवले होते? काहीही नाही. डॉक्टरांनी वाईट हेतूने काही केले होते का? तसेही नाही. चुकले ते न केलेल्या कृत्यात, न उच्चारलेल्या एका वाक्यात. मिस्साच्या प्रारंभी आपण ज्या पापांची कबुली देतो, त्यांत विचार, शब्द आणि कृती यांच्या बरोबरीने कर्तव्यातील कसूरही येते. तो शब्द आपण फार घाईने म्हणतो. त्याचा अर्थ किती जड असू शकतो, हे या मुलीच्या आयुष्यावरून कळावे.

आता हा प्रश्न आपल्या परिसरात आणून पाहू. उरण तालुक्यातले एखादे गाव घ्या. करंजा घ्या, मोरा घ्या, चिरनेर घ्या. एखाद्या घरातली सून सातव्या महिन्यातच बाळंत होते. बाळ दीड किलोचे. त्याला पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबईच्या रुग्णालयात पेटीत ठेवतात. घरचे दागिने मोडतात, उधारउसनवार करतात, नवस बोलतात, जपमाळ म्हणतात. दोन-तीन आठवड्यांनी बाळ जगले, म्हणून आनंदाने घरी आणतात. आणि मग आपल्याकडची जुनी, मायेची रीत सुरू होते. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीने उंबरठा ओलांडायचा नाही. वारा लागू द्यायचा नाही. दारे-खिडक्या ओढून घ्यायच्या, शेकशेगडी करायची, परक्याची नजर पडू द्यायची नाही. ही रीत वाईट नाही. तिने कितीतरी बाळंतिणींना विसावा दिला आहे. पण तिसावा दिवस नेमका या सव्वा महिन्याच्या आत येतो. परक्याची नजर पडू नये म्हणून जपलेल्या बाळाला त्याच दिवशी एका जाणत्या नजरेची गरज असते. त्या परिचारिकांप्रमाणे इथेही दयाच आहे, आणि तिथल्याप्रमाणे इथेही ती डोळस हवी.

कोणी म्हणेल, आता अडचण ती काय? २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाला, उरणपर्यंत लोकल आली, मुंबई हाकेच्या अंतरावर आली. अंतर मात्र केवळ किलोमीटरने मोजता येत नाही. दर आठवड्याला दीड किलोचे बाळ पदराखाली घेऊन गर्दीतून जायचे, एका माणसाचा रोज बुडवायचा, केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे, आणि तेही जे बाळ दिसायला ठणठणीत आहे त्याच्यासाठी! आपले जिल्हा रुग्णालय अलिबागला, खाडीच्या पलीकडे. सडकेने जायचे तर पेणचा वळसा. दोन खेपा होतात, तिसरी राहते. आणि विकार नेमका तिसऱ्या खेपेला दिसायचा असतो. म्हणून ज्ञानानेच बाळाकडे चालत आले पाहिजे. मोठ्या शहरात चार नामवंत तज्ज्ञ असणे पुरेसे नाही. जिथे जिथे अपुऱ्या दिवसांची बाळे जगवली जातात, तिथे तिथे हे पाहू शकणारा कोणीतरी असावा लागतो. असा माणूस आपोआप निर्माण होत नाही. त्याला घडवावे लागते.

हे शिक्षण म्हणजे नेमके काय? डोळ्यांच्या डॉक्टरने डोळे तपासावेत यात शिकण्यासारखे काय, असे वाटणे साहजिक आहे. पण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत पारंगत असलेल्या डॉक्टरचाही हात इथे प्रथम थरथरतो. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळायचे, थेंब टाकून बाहुली मोठी करायची, वेदना कमी व्हावी म्हणून जिभेवर साखरेचे पाणी द्यायचे, इवल्याशा पापण्या नाजूक चिमट्याने उघड्या ठेवायच्या, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात हातातल्या भिंगातून दृष्टिपटलाची अगदी कडा पाहायची, तीही बाळाचा श्वास आणि नाडी यांच्याकडे लक्ष ठेवून. कोणती रेषा निरुपद्रवी आणि कोणती दोन दिवसांत उपचार मागणारी, हे पुस्तकातल्या चित्रावरून कळत नाही. जाणत्या गुरूच्या शेजारी उभे राहून शेकडो डोळे पाहावे लागतात. शिवाय परदेशी पुस्तकातले माप इथे जसेच्या तसे चालत नाही. अमेरिकेत साधारणतः १५०० ग्रॅमपर्यंतच्या बाळांना तपासतात. आपल्याकडे त्याहून मोठी, वजनदार बाळेही या विकाराने अंध झाली आहेत. इथले शिक्षण इथल्या बाळांवरून, इथल्याच गुरूंकडून व्हावे लागते.

सुदैवाने असे प्रयत्न आपल्या आसपास झाले आहेत आणि होत आहेत. पनवेलला उरण रस्त्यावर डॉ. सुहास हळदीपूरकर यांनी उभारलेली लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट रुग्णसेवेबरोबर तरुण नेत्रवैद्यांना शिक्षणही देते. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयाने या विकाराच्या क्षेत्रात काम केले आहे. शेजारच्या कर्नाटकात डॉ. आनंद विनेकर यांनी बंगळुरूच्या नारायण नेत्रालयातून २००८ साली एक वेगळा मार्ग काढला. डॉक्टर नसलेल्या तंत्रज्ञांना दृष्टिपटलाची छायाचित्रे घेण्यास शिकवायचे, कॅमेरा गाडीत घालून गावोगावच्या रुग्णालयांत पाठवायचा आणि दूर बसलेल्या तज्ज्ञाने ती छायाचित्रे तपासून सांगायचे. शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या वसईशेजारच्या पालघरलाच सुरू झाला. त्यात शोधून काढायच्या विकारांच्या यादीत आरओपीचा समावेश आहे. तरीही भारतात २०२० साली सुमारे ३० लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली असा अंदाज आहे. त्यांतील सर्वांनाच ही तपासणी लागत नाही. पण ज्यांना लागते त्यांच्या मानाने जाणते डोळे फारच थोडे आहेत.

या विषयावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला असा की, अंधत्व टाळण्यावर इतका भर देताना अंध माणसाचे जीवन कमी मोलाचे आहे असे आपण नकळत सुचवत नाही ना? हा प्रश्न टाळता कामा नये. अमेरिकेतील थोर गायक-संगीतकार स्टीव्ही वंडर १९५० साली सहा आठवडे आधी जन्मले आणि याच विकाराने अंध झाले. त्यांचे जीवन अपुरे होते असे कोण म्हणेल? देवाच्या प्रतिमेत निर्माण झालेल्या माणसाची प्रतिष्ठा त्याच्या डोळ्यांवर अवलंबून नसते. परंतु बार्तिमय आंधळा प्रभूपुढे आला तेव्हा प्रभूने त्याच्या प्रतिष्ठेवर प्रवचन दिले नाही. तुला काय हवे, असे त्याला विचारले, आणि त्याने दृष्टीच मागितली. तान्हे बाळ मागू शकत नाही. त्याच्या वतीने मागणे हे आपले काम आहे. आणि ज्याची दृष्टी गेलीच, त्याला पांढरी काठी, ब्रेल, शाळा आणि आपल्या घरात मानाचे स्थान देणे, हेही त्याच देण्याचा भाग आहे. एक केले म्हणून दुसरे सुटत नाही.

दुसरा आक्षेप असा की, जिथे साधे औषध वेळेवर मिळत नाही, कुपोषणाने बालके दगावतात, तिथे हा खर्चिक सोस कशाला? साधने मर्यादित असताना निवड करावी लागते हे खरे. पण इथे निवड आधीच झालेली आहे. ज्या दिवशी समाजाने पेट्या घेतल्या, प्राणवायूच्या नळ्या बसवल्या आणि दीड किलोच्या बाळाला जगवायचे ठरवले, त्याच दिवशी त्याच्या डोळ्यांची जबाबदारीही घेतली गेली. उपकार अर्ध्यावर सोडण्याची मुभा दारिद्र्यही देत नाही. १९८९ पासून न्हावा-शेवा बंदरात जगभरचे कंटेनर उतरत आहेत. प्रत्येक लोखंडी पेटीला क्रमांक असतो आणि ती कुठून आली, कुठे गेली, याची चोख नोंद ठेवली जाते. मालाची पेटी हरवू न देणारी व्यवस्था उभारणे ज्यांना जमते, त्यांना काचेच्या पेटीतून घरी गेलेल्या बाळाचा माग ठेवणे जमू नये, हे पटत नाही.

मग आपला, धर्मग्रामातील साध्या कुटुंबांचा, यात काय वाटा? दयेच्या कृत्यांची यादी आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली आहे. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची भेट ही शारीरिक कृत्ये चटकन आठवतात. आत्मिक कृत्यांत अज्ञान्याला शिकवणे हेही आहे, याचा आपल्याला विसर पडतो. डॉक्टरला शिकवणारा डॉक्टर हे कृत्य करतो. सोबतीच्या परिचारिकेला आणि आशा सेविकेला समजावणारा ते करतो. आणि शेजारणीला एक वाक्य सांगणारी गृहिणीही तेच करते. ‘बाळ अपुऱ्या दिवसांचे आहे ना, मग तिसाव्या दिवसाच्या आत त्याच्या डोळ्यांचा पडदा तपासून घ्या,’ हे ते वाक्य. स्नानसंस्काराची नोंद करायला आईवडील येतात तेव्हा हे विचारता येईल. गावातल्या ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत हे सांगता येईल. संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीला दोन-चार खेपांचे गाडीभाडे उचलता येईल. आजीला समजावता येईल की, सव्वा महिना मोडला म्हणून माया मोडत नाही. मरियेनेही आपले बाळ उंबरठ्याबाहेर नेले होते, ते जाणत्या हातांत देण्यासाठीच.

आणि आपल्या मुलामुलींपैकी कोणी डॉक्टर होऊ पाहत असेल, तर त्याला या कामाचेही नाव सांगावे. यात पैसा फारसा नाही, प्रसिद्धी त्याहून कमी. ज्याचे अंधत्व टळले ते मूल मोठे होऊन कधी आभार मानायला येणार नाही, कारण आपल्यावर काय ओढवणार होते हे त्याला ठाऊकच नसेल. ते पाटीवर अक्षरे गिरवील, करंज्याच्या धक्क्यावरून परतणारी होडी लांबूनच ओळखील, आईच्या चेहऱ्यावरचा राग आणि हसू वाचील, आणि हे सारे आपल्या हक्काचेच आहे असे समजेल. तसे समजणे हेच त्या डॉक्टरचे पारितोषिक.

शिमोनला त्या बाळाचे पुढचे आयुष्य पाहायला मिळाले असे दिसत नाही. त्याने चमत्कार पाहिले नाहीत, डोंगरावरचे प्रवचन ऐकले नाही. त्याच्या वाट्याला आले ते एवढेच की, योग्य दिवशी योग्य ठिकाणी तो जागा होता आणि त्याने पाहिले. येत्या दोन फेब्रुवारीला मेणबत्ती हातात घेऊन रांगेत उभे राहाल, तेव्हा आपल्या गावात कोणत्या घरी अपुऱ्या दिवसांचे बाळ आले आहे, याची आठवण असू द्या. त्याचा तिसावा दिवस कधी आहे, तेवढे विचारून ठेवा.